काळ्या मातीवरचे फ्रिस्को

पेढीचा ताळेबंद हाती आला की जाणता व्यापारी नफ्याच्या आकड्यापाशी फार वेळ थांबत नाही. हा नफा कशातून आला, याचा शोध तो आधी घेतो. रोजच्या खरेदी-विक्रीतून मिळालेला नफा पुढील वर्षीही मिळण्याची आशा असते. गोदामाशेजारची मोकळी जागा विकून आलेली रक्कम एकदाच येते. जमेच्या बाजूला दोन्ही रकमा शेजारी-शेजारी लिहिलेल्या दिसतात आणि घाईने वाचणारा त्यांची बेरीज करून समाधान मानतो. झपाट्याने वाढणाऱ्या नगराचा हिशेबही याच नजरेने वाचावा लागतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील फ्रिस्को हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

डॅलस शहराच्या उत्तरेस सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर हे उपनगर वसले आहे. १९९० च्या जनगणनेत येथील वस्ती सहा हजारांच्या आसपास होती. २००० साली ती ३३,७१४ झाली, २०१० साली १,१६,९८९ आणि २०२० साली २,००,५०९. आज ती सव्वादोन लाखांच्या पुढे गेली आहे. एका पिढीच्या अवधीत नगर तीसपटींहून अधिक वाढले. येथील मध्यम कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ४० हजार डॉलरच्या वर आहे. साऱ्या अमेरिकेचा हाच आकडा त्याच काळात ७५ हजारांच्या आसपास होता. २०१८ साली ‘मनी’ या अमेरिकी नियतकालिकाने राहण्यास उत्तम गावांच्या यादीत फ्रिस्कोला पहिले स्थान दिले.

या नगराशी महाराष्ट्रातील अनेक घरांचे नाते जडले आहे. १९५८ साली डॅलसच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत जॅक किल्बी यांनी पहिले एकात्मिक परिपथ तयार केले आणि पुढील दशकांत डॅलसच्या उत्तरेला इलेक्ट्रॉनिक्स, दूरसंचार व संगणक व्यवसायांची मोठी पेठ उभी राहिली. त्या पेठेच्या ओढीने भारतीय अभियंते येथे आले. आधी रिचर्डसन, मग प्लॅनो आणि त्यानंतर फ्रिस्को, अशी त्यांची वस्ती उत्तरेकडे सरकत गेली. २०२० च्या जनगणनेत फ्रिस्कोतील दर चौघांपैकी साधारण एक रहिवासी आशियाई वंशाचा होता आणि त्यांत भारतीयांचा भरणा मोठा आहे. फ्रिस्कोत कार्यसिद्धी हनुमान मंदिर आहे; जैन कुटुंबे पर्युषणात दक्षिणेकडील रिचर्डसनच्या जैन मंदिराची वाट धरतात; २०१९ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन डॅलसमध्येच भरले होते. मुलगा, मुलगी किंवा जावई तेथे घर घेण्याचा विचार करीत असेल, तर त्या नगराचा जमाखर्च इथल्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असलेला बरा.

पाण्यासाठी थांबलेली गाडी

फ्रिस्कोचा जन्म रेल्वेच्या गरजेतून झाला. त्याआधी टेकडीच्या कण्यावर लेबनॉन नावाचे खेडे होते. एकोणिसाव्या शतकात गुरांचे कळप उत्तरेच्या बाजारांकडे हाकत नेण्याची शॉनी नावाची वाट तेथून जात असे; आजचा प्रेस्टन रोड साधारण त्याच वाटेने जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी सेंट लुईस–सॅन फ्रान्सिस्को रेल्वेने या भागात रूळ टाकले. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी भरावे लागे आणि लेबनॉन उंचावर असल्याने तेथे ते सोयीचे नव्हते. म्हणून रेल्वेने सहा-सात किलोमीटर पश्चिमेस सखल जागा निवडली आणि १९०२ साली तेथील भूखंड लिलावाने विकले.

लेबनॉनच्या लोकांनी काळाची पावले ओळखली. काहींनी आपली लाकडी घरे उचलून नव्या गावी नेली. गावाला प्रथम जमीनमालकाच्या नावावरून इमर्सन म्हणत. परंतु त्याच्याशी मिळतेजुळते नाव टेक्सासात आधीच असल्याने टपाल खात्याने ते नाकारले. मग गावकऱ्यांनी रेल्वेचेच बोलीतले नाव घेतले : फ्रिस्को. पुढची ऐंशी वर्षे गाव कापूस आणि धान्य पिकवीत, कापसाची सरकी काढीत संथपणे जगले.

या कथेत नगराची प्रकृती दिसते. जेथे लाभ असेल तेथे घरासकट जाण्याची येथील माणसांची तयारी पहिल्या दिवसापासून होती. लेबनॉन मागे पडले, कारण पुढे जाणाऱ्या गाडीला तेथे थांबण्याचे कारण उरले नाही. संपन्न फ्रिस्कोच्या कारभाऱ्यांपुढे आज नेमका तोच प्रश्न उभा आहे.

शंभर डॉलरमागे दोन डॉलर

टेक्सास राज्यात व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही. सरकार व नगरे चालतात ती मुख्यतः विक्रीकर आणि मालमत्ताकर यांवर. फ्रिस्कोत शंभर डॉलरची खरेदी केली, तर बहुतेक किराणा जिन्नस वगळता तिच्यावर सव्वाआठ डॉलर विक्रीकर पडतो. त्यांपैकी सव्वासहा डॉलर राज्याचे आणि दोन डॉलर स्थानिक. कायद्याने स्थानिक वाटा याहून अधिक असू शकत नाही. या दोन डॉलरांचे काय करायचे, यावर नगराचे भवितव्य बरेचसे ठरते.

डॅलस, प्लॅनो, रिचर्डसन आदी शहरांनी त्यातला एक डॉलर ‘डार्ट’ या सार्वजनिक वाहतूक संस्थेला देण्याचे ठरविले. १९८३ च्या मतदानातून ही संस्था उभी राहिली. फ्रिस्को तेव्हा शेतीवर जगणारे लहान गाव होते आणि ते डार्टमध्ये सामील झाले नाही. पुढे येथील मतदारांनी एक डॉलर नगराच्या सर्वसाधारण कारभाराला आणि उरलेल्या डॉलरचे दोन समान भाग दोन विकास महामंडळांना देण्यास संमती दिली : एक उद्योग-व्यवसाय आणण्यासाठी, दुसरे उद्याने, मैदाने व सार्वजनिक सोयींसाठी. शेजारच्या नगरांचा जो पैसा बस आणि आगगाडीवर खर्च होत होता, तो फ्रिस्कोच्या हाती भांडवल म्हणून उरला.

हे भांडवल वापरण्याची दृष्टीही नगराला लाभली. १९८७ साली जॉर्ज प्युरफॉय यांची नगर व्यवस्थापक म्हणून नेमणूक झाली. अमेरिकेतील अनेक नगरांत महापौर व परिषद धोरण ठरवितात आणि दैनंदिन कारभार नेमलेला व्यवस्थापक पाहतो. प्युरफॉय २०२२ पर्यंत, म्हणजे ३५ वर्षे, त्या एका खुर्चीवर होते. महापौर आले आणि गेले. हिशेब ठेवणारा हात तोच राहिला. ज्या पेढीचा मुनीम पिढीभर बदलत नाही, तिच्या वहीत एक सूत्र आढळते, तसे सूत्र फ्रिस्कोच्या कारभारात दिसते.

२००० साली प्लॅनोच्या सीमेलगत, हमरस्त्याच्या उत्तर बाजूस, स्टोनब्रायर सेंटर हे भव्य व्यापारी संकुल उघडले. रस्त्यापलीकडच्या ग्राहकाचा पैसा फ्रिस्कोत खर्च होऊ लागला आणि त्यावरील कर फ्रिस्कोच्या तिजोरीत पडू लागला. २००३ साली बेसबॉलचे मैदान झाले, २००५ साली फुटबॉलचे. २०१६ साली डॅलस काउबॉयज या अमेरिकी फुटबॉलच्या गाजलेल्या संघाने आपले मुख्यालय फ्रिस्कोत हलविले. तेथील बारा हजार आसनांचे बंदिस्त क्रीडागार नगर, शाळामंडळ आणि संघ यांनी मिळून उभारले; शालेय सामने आणि शाळांचे पदवीदान समारंभही तेथेच होतात. २०२२ साली गोल्फ व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना पीजीए ऑफ अमेरिका आपले मुख्यालय फ्लोरिडातून येथे घेऊन आली.

या उभारणीमागील युक्ती व्यापाऱ्याला चटकन उमगेल. एखादा पडीक पट्टा ठरवून तेथील मालमत्ताकराचा आजचा आकडा गोठवायचा. तेथे सार्वजनिक खर्चाने मोठे काही उभारायचे. भोवतीच्या जमिनीचे मोल वाढले की कराची वाढीव रक्कम त्याच उभारणीचे कर्ज फेडण्यास लावायची. उद्याच्या वाढीला आज तारण ठेवण्याचाच हा प्रकार. वाढ होत राहिली तर तो दूरदर्शीपणा ठरतो. वाढ थबकली तर कर्ज तेवढे उरते. फ्रिस्कोत वाढ होत राहिली. मोठ्या पतमापन संस्थांनी नगराच्या रोख्यांना सर्वोच्च श्रेणी दिली. आजवरची बाकी जमेचीच आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे.

वहीत न दिसणारे देणे

तरीही वहीत वेळीच न लिहिलेले एक देणे नगराला भोवले. जुन्या बॅटऱ्यांतील शिसे वितळवून पुन्हा वापरात आणणारा एक कारखाना १९६४ पासून येथे चालू होता. गाव लहान असताना त्याचे कोणाला काही वाटले नाही. उलट त्याने रोजगार दिला. मग गाव त्याच्याभोवती वाढले. २००८ साली केंद्र सरकारने हवेतील शिशाची मर्यादा पूर्वीपेक्षा दहापट कडक केली आणि फ्रिस्कोचा काही भाग त्या मर्यादेबाहेर असल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. लहान मुलांच्या मेंदूला शिशाचा सर्वाधिक धोका असतो. आणि फ्रिस्कोत तर लोक मुलांच्या शिक्षणासाठीच येत होते.

रहिवासी संघटित झाले. २०१२ साली नगराने कंपनीशी करार केला. कारखान्याभोवतीची सुमारे १८० एकर जमीन ४ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेण्याचे ठरले आणि त्या वर्षअखेर कारखान्याची भट्टी विझली. प्रत्यक्ष कारखान्याची जागा स्वच्छ करण्याची जबाबदारी कंपनीकडे राहिली होती. परंतु कंपनी दिवाळखोरीत गेली आणि अखेर साफसफाईचे काम नगरालाच अंगावर घ्यावे लागले.

कर्जप्रकरण तपासताना ज्याला संभाव्य देणे म्हणतात, त्याचा हा पाठ आहे. दुसऱ्याने भरण्याचे कबूल केलेले देणे तो बुडाला की आपल्या दारी येते. फ्रिस्कोच्या तिजोरीत पैसा होता, म्हणून ते पेलले. तोच कारखाना एखाद्या गरीब गावात असता, तर माती अजून तशीच पडून राहिली असती.

बारा हायस्कुले आणि एक बंद शाळा

फ्रिस्कोची खरी पत मात्र शाळांत आहे. हजारो मैलांवरून येथे येणाऱ्या कुटुंबाला स्टेडियमचे आकर्षण फार नसते. त्याला शाळा हवी असते. येथील शाळामंडळ नगरपालिकेपासून स्वतंत्र असून त्याचा कर निराळा आहे. त्याने सुरुवातीपासून लहान हायस्कुलांचे धोरण ठेवले. एका हायस्कुलात साधारण एकवीसशे विद्यार्थी, म्हणजे प्रत्येक मुलाला वाद्यवृंदात, संघात, वादसभेत जागा मिळण्याची शक्यता अधिक. २००३ पर्यंत गावात एकच हायस्कूल होते. पुढील दोन दशकांत त्यांची संख्या बारा झाली आणि सर्व इयत्ता मिळून विद्यार्थिसंख्या साठ हजारांच्या पुढे गेली.

हे धोरण उदार आहे, तसेच महागही आहे. एका मोठ्या शाळेऐवजी दोन लहान शाळा म्हणजे दोन मुख्याध्यापक, दोन ग्रंथालये, दोन स्वयंपाकघरे. मुले वाढत होती तोवर या खर्चाची चिंता नव्हती, कारण टेक्सासात राज्याकडून मिळणारा निधी विद्यार्थ्यांच्या हजेरीवर ठरतो. त्याचा मूळ दर विद्यार्थ्यामागे ६,१६० डॉलर असा २०१९ पासून सहा वर्षे जवळजवळ तसाच राहिला, महागाई मात्र थांबली नाही. आणि याच सुमारास फ्रिस्कोतील मुलांची संख्या घटू लागली.

याची कारणे कोणत्याही कुटुंबाला कळतील अशी आहेत. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी घरे घेतली त्यांची मुले शिकून बाहेर पडली, आईवडील त्याच घरात राहिले. २०२१ च्या आरंभी अमेरिकेत तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर तीन टक्क्यांच्याही खाली आला होता. २०२३ मध्ये तो सात टक्क्यांच्या वर गेला. जुन्या दराचे कर्ज हाती असताना घर विकून नव्या दराचे कर्ज कोण घेईल? परिणामी घरे बाजारात येईनात, आली तर त्यांच्या किमती लहान मुले असलेल्या तरुण जोडप्याला झेपेनात. अशी जोडपी आणखी उत्तरेस प्रॉस्पर, सेलिना या गावांकडे, किंवा पूर्वेस प्रिन्स्टनकडे वळली. जनगणना खात्याच्या अंदाजांत देशातील सर्वांत वेगाने वाढणारे शहर म्हणून आधी सेलिनाचे आणि पुढच्या वर्षी प्रिन्स्टनचे नाव आले. काही वर्षांपूर्वी अशा यादीत फ्रिस्कोचे नाव अग्रभागी असे.

२०१६ साली मतदारांनी शाळामंडळाची करवाढ फेटाळली, २०१८ साली मान्य केली आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये करवाढ व नव्या कर्जरोख्यांचे प्रस्ताव पुन्हा फेटाळले. त्यानंतर काही आठवड्यांतच मंडळाने जुन्या माध्यमिक शाळांपैकी स्टेली ही शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. २०२५ च्या उन्हाळ्यात ती मिटली. ज्या गावाने वर्षानुवर्षे फक्त नव्या शाळांच्या कोनशिला पाहिल्या, त्याच्यासाठी हा अनुभव नवा होता. २०२५ च्या मे महिन्यात नगराच्या मोठ्या कलागृहाचा प्रस्तावही मतदारांनी नाकारला. उद्याची वाढ तारण ठेवण्यास लोक आता पूर्वीइतके सहज तयार होत नाहीत, असा याचा अर्थ घेता येईल.

तीस वर्षांचे कर्ज, तीन वर्षांचा परवाना

येथवर नगराचा हिशेब झाला. घर घेणाऱ्या कुटुंबाचा हिशेब याहून नाजूक आहे.

फ्रिस्कोत साधारण चांगले घर साडेसहा ते सात लाख डॉलरना मिळते. त्यावर नगर, शाळा, काउंटी आणि महाविद्यालय मंडळ यांचे मालमत्ताकर मिळून पावणेदोन टक्क्यांच्या आसपास दर पडतो. सवलती वजा केल्या तरी सात लाखांच्या घरावर वर्षाला नऊ-दहा हजार डॉलर भरावे लागतात. कर्ज फिटले तरी हे देणे संपत नाही. पासष्टीनंतर शाळेच्या कराचा आकडा वाढत नाही, एवढा दिलासा कायद्याने दिला आहे. उत्पन्नावर राज्याचा कर नाही याचा आनंद मानताना ही बाजू विसरली जाते. उत्पन्न असताना भरायचा कर आणि उत्पन्न नसतानाही भरायचा कर यांत मोठे अंतर आहे.

दुसरी बाब परवान्याची. पुष्कळ भारतीय अभियंते ज्या एच-वन-बी परवान्यावर राहतात, तो एका वेळी तीन वर्षांचा असतो. कायम वास्तव्याच्या परवान्यांत एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग अतिशय लांब आहे. त्यात नोकरी सुटली, तर सर्वसाधारणपणे साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा अशा अनेक घरांत रात्रभर दूरध्वनी वाजत राहिले. कोणत्याही बँकेत कर्जाची मुदत कर्जदाराच्या मिळकतीच्या मुदतीशी ताडून पाहतात. येथे तीस वर्षांचे कर्ज तीन वर्षांच्या परवान्यावर उभे असते. तरुण मनाला त्यात धोका वाटत नाही, कारण घराची किंमत आजवर चढतच आली. ज्यांनी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रोकड बाजूला ठेवली आहे, त्यांना त्या रात्रीही झोप लागली असेल. ज्यांनी सर्व शिल्लक घराच्या पहिल्या हप्त्यात घातली, त्यांची गोष्ट वेगळी.

तिसरी बाब पैशात मोजता येत नाही. नातवंडांसाठी इथून गेलेले आजी-आजोबा साधारण सहा महिने राहतात. मुलगा-सून कामावर, मुले शाळेत, आणि घराभोवती सहापदरी रस्ते. जो एक डॉलर शेजाऱ्यांनी बस-गाडीला दिला, तो फ्रिस्कोने मैदानांना दिला, हे तेव्हा दुपारच्या वेळी कळते. डार्टची आगगाडी २००२ पासून प्लॅनोपर्यंत येते, त्यापुढे नाही. फ्रिस्कोत वृद्ध व अपंगांसाठी आधी नोंदणी करून मिळणारी मर्यादित वाहनसेवा आहे, परंतु पिशवी घेऊन कोपऱ्यावर उभे राहावे आणि बस यावी, अशी सोय नाही. दोन्ही महामंडळांनी विक्रीकराची मर्यादा पूर्ण भरून टाकल्याने ती सहजासहजी होणारही नाही. उन्हाळा तर असा की २०११ साली डॅलस परिसरात ७१ दिवस पारा १०० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला होता. ज्या रेल्वेने गावाला जन्म आणि नाव दिले, तिच्या रुळांवरून आज मालगाड्या धडधडत जातात. प्रवाशांसाठी एकही थांबत नाही.

पायाला पाणी

फ्रिस्कोची जमीन काळ्या चिकणमातीची आहे. विदर्भ-खानदेशात कापूस पिकविणाऱ्या रेगूर मातीचीच ही जात. तिकडेही ती कापसासाठीच नावाजली होती. या मातीचा गुण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पावसात ती फुगते, उन्हात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया अशा जमिनीवर असला की माती एका बाजूने सुकते, पाया खचतो, भिंतींना तडे जातात, दारे अडकू लागतात. म्हणून तेथील घरमालक कडक उन्हाळ्यात घराच्या चारी बाजूंना, पायापासून फूट-दीड फुटावर, बारीक छिद्रांची रबरी नळी अंथरतात आणि संध्याकाळी थोडे थोडे पाणी सोडतात. फुलझाडांप्रमाणे घराच्या पायालाही पाणी घालावे लागते.

हे पाणीही दुरून येते. उत्तर टेक्सासातील अनेक नगरांची मिळून जी पाणीपुरवठा संस्था आहे, तिने फॅनिन काउंटीत बो डार्क नावाचे नवे धरण बांधले. २०२१ मध्ये त्यात पाणी साठू लागले आणि २०२३ पासून पुरवठा सुरू झाला. टेक्सासात इतके मोठे नवे जलाशय सुमारे तीस वर्षांत झाले नव्हते. त्याचा खर्च पाण्याच्या बिलातून ही नगरे फेडीत आहेत. पाण्यासाठी थांबलेल्या गाडीपासून सुरू झालेले गाव सव्वाशे वर्षांनंतरही पाण्याचाच हिशेब मांडीत आहे.

फ्रिस्को बुडते आहे, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. संपन्नता खरी आहे, शाळा उत्तम आहेत, कारभार बहुतेक नगरांहून शहाणा आहे. वाढीच्या काळात आलेला पैसा त्याने भांडवली कामांत घातला, उधळला नाही, हे त्याचे मोठेच यश. मात्र रस्ते, जलवाहिन्या, शाळांची छपरे हे सारे दोन-तीन दशकांत जवळजवळ एकदम बांधले गेले, म्हणून ते जवळजवळ एकदमच जुने होणार आहे. त्या वेळी मोकळी जमीन फार उरलेली नसेल आणि नव्या बांधकामाचे शुल्क तिजोरीत पडत नसेल. घसाऱ्याची रक्कम बाजूला ठेवली होती की नाही, हे तेव्हा उघड होईल. शाळा बंद करण्याचा कटू निर्णय वेळीच घेणारे मंडळ आणि नव्या खर्चाला विचारपूर्वक नकार देणारे मतदार पाहता, त्या दिवसाची तयारी सुरू झाली आहे असे म्हणता येते.

तेथे घर घेऊ पाहणाऱ्या मुला-सुनेला इथल्या वडीलधाऱ्यांनी बाजारभाव विचारू नये. तो त्यांना अधिक ठाऊक असतो. विचारायचे ते एवढेच : जवळच्या शाळेत मुले वाढत आहेत की घटत आहेत? कर्ज फिटल्यावर वर्षाचा कर किती आणि तो कशातून भरणार? नोकरी सुटली तर किती महिन्यांची रोकड हाती आहे? आम्ही आलो तर घरापासून पायी कुठवर जाता येईल? आणि शेवटचा प्रश्न, उन्हाळ्यात पायाला पाणी कोण घालणार?